शेवंतामावशीची चौथी मागणी

शेवंतामावशी,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी चार वाक्यांत खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीचा गळा भरून आला. गळा भरला नव्हता. मांडवाच्या खांबाला तुझी कुबडी टेकवून ठेवली होती, पहिल्या रांगेत बाबा बसले होते, आणि मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी बोलायचं होतं, मांडवातल्या खुर्च्यांशी नव्हे. म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पत्रकबाई, थोडक्यात लिहिजो." थोडक्यात जमणार नाही.

तू धान निघाल्यावर गेलीस. चार दिवसांचा ताप, आपलं घर, आपली खाट. हे आधी सांगायला हवं, कारण गावाबाहेर ज्याला ज्याला फोन केला त्यानं पहिलं हेच विचारलं, "गाडीखाली आली का?" हिरडीटोल्याचं माणूस गेलं म्हटलं की लोकांना रूळच आठवतात. तू रुळांना कशी पुरून उरलीस हे त्यांना माहीत नाही. रुळांनी तुझं जे नेलं ते जीवापेक्षा वेगळं होतं आणि त्यात माझा हात होता. त्याबद्दलच हा कागद.

आपलं नातं काही रक्ताचं नव्हतं. तुझ्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक तुरीच्या तुऱ्हाट्यांचं कुंपण, आणि त्यालाही तू ये-जा करायला खिंडार पाडून ठेवलेलं. बाबा आमगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. तिथून वाया गेलेली पत्रकं गठ्ठ्यानं घरी यायची. माझ्या वह्यांना गुलाबी पत्रकांची कव्हरं, डाळीच्या डब्यात पिवळी पत्रकं, चुलीत निळी. अक्षरओळख मला 'जाहीर सभा' आणि 'बंधूंनो, भगिनींनो' यांच्यावर झाली. उरलेला गठ्ठा तुझ्याकडे जायचा. तू त्यांच्यावर ब्लाउजची कापणी आखायचीस. गोंदियाच्या लेडीज टेलरकडे कामाला होतीस ना तू, एका पायानं मशीन चालवायचीस, आणि मालक म्हणायचा की दोन पायांवाल्यांपेक्षा तुझी शिवण सरळ. दुसरा पाय लहानपणीच पोलिओनं नेला होता. "नेला नाई," तू म्हणायचीस, "हाय नं इथीच. काम नाई करत, एवढंच. सरकारी नोकर हाय समज."

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा मी तिसरीत होते. तू खूश झाली होतीस, कारण अपंगाच्या दाखल्यासाठी आता भंडाऱ्याला जावं लागणार नव्हतं, गोंदियात कामावरून येता येता होणार होतं. आपलं सगळं गोंदियावर चालायचं आणि गोंदिया पॅसेंजरवर चालायचं. आपली टोल्याची वस्ती रुळांच्या अलीकडे. तिकिटाची खिडकी आणि गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीचा फलाट पलीकडे. संध्याकाळची गाडी आपल्याच बाजूला लागायची, त्यामुळे अडचण रोज सकाळची. रूळ ओलांडायचे. फलाटाच्या टोकाला रुळांमध्ये लाकडी फळ्या टाकून एक वाट केलेली होती, पार्सलची हातगाडी ढकलत नेण्यासाठी. तू त्या वाटेनं जायचीस. कुबडी, मग पाय, मग थांबून दोन्हीकडे बघणं, मग पुन्हा कुबडी. खांद्याला डबा, आणि डब्यासोबत दोरीला बांधलेला पिढा.

तो पिढा ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरा वाटत नाही. चार बुटक्या पायांचा, सागवानी, दहा इंच उंचीचा. आपला फलाट म्हणजे मुरूम टाकून सपाट केलेली जमीन. गाडीची खालची पायरी तिथून वीस इंच वर. तुझा चांगला पाय, दुसऱ्यावर भार न देता, अकरा इंचच उचलला जायचा. ही मापं तूच घेतली होतीस, शिवणाच्या टेपनं, आणि सुताराला सांगून पिढा बरोबर दहा इंचांचा करवून घेतला होता. गाडी थांबली की पिढा खाली, पिढ्यावरून पायरीवर, पायरीवरून डब्यात, आणि मग आतून दोरी ओढून पिढा वर. गाडी दोन मिनिटं थांबायची. तुला एक लागायचं. उरलेल्या मिनिटात तुझ्या पिढ्यावरून पोटुशा बाया चढायच्या, म्हातारे चढायचे, एकदा एक नवरदेव चढला. शेवटच्या डब्यातला गार्ड दारात वाकून बघत असायचा. दोरी वर गेली की मगच हिरवी झेंडी. नवा गार्ड आला तर जुना त्याला सांगून जायचा. "पीढा चढ़ गया क्या?" हे वाक्य आमच्या स्टेशनवर मी शिटीपेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे.

मला तो पिढा आवडायचा नाही. हे तुला माहीत होतं. कॉलेजात जायला लागल्यावर, चार पुस्तकं वाचून झाल्यावर, तर फारच. मी म्हणायचे, हा पिढा आहे म्हणून फलाट उंच होत नाही. आपण आपली सोय करून घेतो आणि ज्यांनी करायची ते मोकळे सुटतात. हा पिढा एखाद्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला पाहिजे.

"ठेव नं," तू म्हणालीस. "मंग सकाळी मी चढू कशी? तुह्या भाषणावर पाय देऊन?"

डब्यातल्या बाया हसल्या. आमगावची एक बाई रोजची होती, ती म्हणाली, "भाषण त वीस इंचाचं नाई, लय लंबं राह्यते तिचं."

मग ती मालगाडीची सकाळ आली. मधल्या रुळावर मालगाडी उभी होती, फळ्यांच्या वाटेवर आडवी, आणि पलीकडून पॅसेंजरची घोषणा झालेली. माझी परीक्षा होती. आम्ही तिघी मुली डब्यांच्या खालून निघालो. सगळेच जायचे. अशा दिवशी तू अलीकडेच थांबायचीस आणि गाडी सोडायचीस. तू वाकू शकत नव्हतीस म्हणून नव्हे, अंगात शहाणपण होतं म्हणून. मी मधोमध होते तेव्हा डबे हलले. आवाज आधी पुढून आला, मग एकेक डबा करत माझ्या डोक्यावर. तू कुबडीनं डब्याचा पत्रा बडवत होतीस आणि ओरडत होतीस, "हालली वं, हालली, भायेर निंघ." मी बाहेर पडले. माझी पिशवी आत राहिली आणि चाकाखाली तिचे दोन भाग झाले, पुस्तकांसकट.

गाडी निघून गेल्यावर तू फळ्यांवरून पलीकडे आलीस, एका हातानं माझा खांदा धरलास आणि दुसऱ्यानं कानाखाली मारलीस. कुबडी पडली. मीच उचलून दिली.

"काऊन वं, मरायची घाई हाय का तुले?"

मी रडत होते.

"रडून नको राहू. लिहिता येते नं तुले? लिही याच्यावर. बापाले छापायले सांग."

म्हणजे पत्रक काढायचं हे तू सुचवलंस. लोक त्याचं श्रेय मला देतात. त्याच आठवड्यात तू ब्लाउजच्या उरलेल्या चिंध्या जोडून मला एक झोळी शिवून दिलीस, जाड, दुहेरी शिलाईची. ती अजून फाटलेली नाही.

तुझ्या ओसरीवर बसून मागण्या काढल्या. मी लिहीत होते, तू काजं करत होतीस. पहिली, पादचारी पूल झालाच पाहिजे. दुसरी, फलाटाची उंची वाढलीच पाहिजे. तिसरी, फलाटावर पाणी आणि शेड मिळालीच पाहिजे. मग तू म्हणालीस, "एक माही लिही. फळ्याची वाट पक्की करा, मालगाडी वाटेच्या अलीकडे थांबवा, आन् वाटेहून प्लेटफारमवर चढाले उतार द्या. मले पायऱ्या जमत नाई."

मी ते लिहून घेतलं. "पूल झाला की मी तुला रोज धरून नेईन," असंही म्हणाले. तू सुईत दोरा ओवत होतीस.

छापलेलं पत्रक तुझ्या हातात आलं तेव्हा त्यात तीनच मागण्या होत्या. तू खालून वर, वरून खाली वाचलंस.

"माही ओळ?"

"जागा नव्हती, मावशी. अर्ध्या पानाचंच होतं ना."

तू गळ्यातला टेप काढलास आणि मथळ्यावर ठेवलास. 'मृत्यूचा सापळा की रेल्वे स्टेशन?' असा मथळा होता, माझाच, आणि मला त्याचा फार अभिमान होता. "सव्वा इंच," तू म्हणालीस. मग बोटानं खालच्या बारीक ओळी मापल्यास. "माही ओळ अर्ध्या इंचात बसली असती." बस, एवढंच. टेप पुन्हा गळ्यात घातलास आणि पत्रकं वाटायला माझ्याबरोबर आलीस. बाजारात, धानाच्या गिरणीवर, बौद्ध विहारासमोर. वाटताना म्हणायचीस, "घ्या, वाचा, पोरगी मरता मरता वाचली हाय."

पत्रक चाललं. आजही मी ते वाचते तेव्हा कळतं की का चाललं. त्यात आग आहे. 'रूळ ओलांडण्याचा हा जीवघेणा प्रकार कायमचा बंद झाला पाहिजे' हे वाक्य तर शाळेच्या मुलांना पाठ झालं होतं. सह्या झाल्या, धरणं झालं, गोंदियाहून वार्ताहर येऊन गेला. दोन वर्षं गेली आणि पूल मंजूर झाला. लोखंडी, रुळांवरून आडवा, दोन्ही टोकांना जिने. उद्घाटनाला मला पहिलं चढायला लावलं. मी वर जाऊन खाली पाहिलं तर तू फळ्यांच्या वाटेजवळ तुझ्या पिढ्यावर बसली होतीस, हातात कुणीतरी दिलेला पेढा. खाली आल्यावर मी विचारलं, कसा वाटला.

"चांगला झाला," तू म्हणालीस. "उंच झाला."

त्याच्या पुढच्या आठवड्यात फळ्यांच्या वाटेच्या दोन्ही तोंडांना जुन्या रुळांचे तुकडे उभे पुरले आणि त्यांना आडव्या पट्ट्या ठोकल्या. फळ्या काढून नेल्या. मी तरातरा स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. भला माणूस होता, बिहारकडचा, तुला 'मौसी' म्हणायचा. त्यानं टेबलाच्या खणातून माझंच पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. एका वाक्याखाली लाल रेघ होती.

"मॅडम, आप ही ने तो लिखा है. कायमचा बंद. ऊपर से आदेश इसी पे आया है. पुल बन गया, अब रास्ता काहे को?"

मी त्याच्याशी भांडले. कायदा, हक्क, सगळं सुनावलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मौसी के लिए एक लाइन लिख देते ना आप."

हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

पुलावरून तू एकदाच गेलीस. मी नव्हते तेव्हा. त्या स्टेशनमास्तरानंच मला नंतर सांगितलं. पाठमोरी बसून, एकेक पायरी मागे सरकत, पिढा आणि कुबडी आधी वर ठेवत. चढताना अठ्ठेचाळीस, उतरताना अठ्ठेचाळीस. खाली पोचलीस तेव्हा पॅसेंजर निघून गेली होती आणि तू लुगडं झटकून, केस नीट करून, बाकावर बसून डबा खाल्लास. नंतर गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावरून जायला लागलीस. रस्त्यानं फाटकापर्यंत, फाटक ओलांडून पुन्हा पलीकडून स्टेशनपर्यंत. कुबडीवर तास-सव्वा तास. एक पावसाळा तसा काढलास. काखेत जखम झाली, ती बरी व्हायला जागा मिळेना. दिवाळीच्या आधी, हंगाम तेजीत असताना, तू दुकान सोडलंस. अठरा वर्षांचं काम. मालकानं तुझी मशीन टेम्पोत घालून घरी पाठवली, त्याच्या मनानं तो चांगलाच वागला. तू मशीन ओसरीवर लावलीस आणि टोल्यातल्या साड्यांना फॉल-बिडिंग करत बसलीस, एप्रिलमध्ये जयंतीचे निळे झेंडे शिवत.

आणि मी, रोज धरून नेणारी, तोवर नागपूरला शिकायला गेले होते.

सुट्टीत आले तेव्हा मी पेटलेली होते. आंदोलन करू म्हणाले, मसुदा खिशात होता. तू तो पाहिलाही नाहीस.

"पत्रक नको आता. टेप धर."

तो रविवार मला पूर्ण आठवतो. मालगाड्याही कमी होत्या. तू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलीस, मी टेपचं टोक धरलं. तू आकडा सांगायचीस आणि खडूनं पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायचीस, ब्लाउजची मापं लिहिताना लिहायचीस तसं, मोठं, वळणदार.

"पायरी साडेसहा इंच उंच. माहा पाय अकरा उचलते. मंग अडचण कोठी हाय, सांग."

मी पायरीवर पाय ठेवून पाहिला.

"रुंदी पाह्य. नऊ इंच. कुबडी आन् पाय एका पायरीवर मावत नाई. आता कठडा धर. धरला? बोटं जुळून राहिली का तुही?"

कठड्याचा पाइप इतका जाड होता की माझी बोटं अंगठ्याला लागत नव्हती.

"नाई नं. मंग म्हातारं माणूस धरन काय? अठ्ठेचाळीस पायऱ्यांत टेकाले एक जागा नाई. हे सारं तू पूल मागाच्या आधी मापाले पाह्यजे होतं. मी गिऱ्हाइकाले न मापता कापड फाडत असतो का?"

"मी इंजिनियर नाही, मावशी. मागणी करणं आपलं काम. माप घेणं त्यांचं."

"त्याईनं त घेतलं माप. त्याईच्या पायाचं."

मी चिडले. म्हणाले, मालगाडीखाली मरायची होते मी, तू फळ्यांची वाट मागत बसली होतीस. फळ्यांची वाट म्हणजे रूळच ओलांडणं. उद्या कोणी मेलं असतं तर? तू म्हणालीस, पुलाले मी नाई कधी म्हणलं का? पूल पोरासोरांसाठी असू दे, वाटही असू दे. मी म्हणाले, दोन्ही मागितलं तर काहीच देत नाहीत. तू म्हणालीस, हे तुले कोणं सांगतलं, मागून पाह्यलं का? हे भांडण आपण त्या दिवशी संपवलं नाही, पुढच्या कुठल्याच सुट्टीत संपवलं नाही. मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही की फळ्यांची वाट सुरक्षित होती. पण दोन्ही मागून मी कधी पाहिलं नव्हतं.

ती मापं मी छापायची होती. आपलं ठरलं होतं. मी नागपूरला वर्तमानपत्रात नोकरीला लागले, पानं भरायला लागले, दुसऱ्यांच्या मोर्च्यांवर लिहायला लागले. तुझ्याकडे साधा मोबाइल आला तेव्हा महिन्यातून एकदा तू फोन करायचीस. तब्येत, भाव, पाऊस, आणि मग, "छापलं का वं?"

"छापते, मावशी."

"छापून राहिली का छापशील?"

"छापीन."

"बरं."

शेवटचा फोन धान कापणीच्या दिवसांत झाला. तेव्हा तू विचारलं नाहीस. मी ते मनात नोंदवलं आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

कार्यक्रम झाल्यावर तुझ्या भाच्यानं तुझी पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, कागद तुम्हीच पाहा, आम्हाला काय कळते. आत ब्लाउजच्या कापण्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, गुलाबी आणि पिवळ्या. एक पाठीची कापणी उचलली तर तिच्यावर माझं पत्रक. गळ्याच्या गोलाईत 'मृत्यूचा सापळा' कापला गेला होता. बाहीवर 'कायमचा बंद'. तुला त्यात काही अर्थ अभिप्रेत नव्हता, मला माहीत आहे. कागद जाड होता म्हणून तू तो वापरलास. पण एक प्रत तू अखंड ठेवली होतीस, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. तिच्या मागे त्या रविवारची मापं. खडू पुसू नये म्हणून नंतर पेनानं गिरवलेली. पायरी, रुंदी, कठडा, फलाट ते गाडीची पायरी, फाटकापर्यंतचं अंतर कुबडीच्या टेकण्यांत. आणि सगळ्यात खाली तुझ्या अक्षरात, 'चौथी मागणी', आणि पुढे ती ओळ जशी तू ओसरीवर सांगितली होतीस तशी.

मावशी, जागा होती.

जागा नव्हती हे खोटं होतं. मी ती ओळ काढली कारण तीन मागण्या घोषणेत चांगल्या बसतात आणि चौथी बसत नाही. कारण 'पूल' म्हटल्यावर माणसं मूठ वर करतात आणि 'फळ्यांची वाट' म्हटल्यावर करत नाहीत. बाबांनी खिळे जुळवताना विचारलंही होतं, "शेवंताची ओळ राहिली का?" मी म्हणाले, मुद्दाम काढली. ते मथळ्यासाठी मोठे खिळे शोधायला लागले. तुझ्या टेपनं त्याच दिवशी मला पकडलं होतं. तू मला कबूल करायला लावलं नाहीस. मी आपण होऊन करीन याची बहुधा वाट पाहिलीस. फोनवर 'छापलं का' विचारायचीस तेव्हाही कदाचित हेच विचारत होतीस, कदाचित नसशीलही. आता ते ठरवता येणार नाही. चूक माझी होती, आणि तिच्यापायी तुझं गोंदिया गेलं. तुझं दुकान, डब्यातल्या बाया, संध्याकाळी उतरताना हातात असायची ती भज्यांची पुडी. माफ कर म्हणण्याला आता काही उपयोग नाही, तरी म्हणते.

बाबांचा छापखाना कधीच बंद झाला, त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. मी नवं पत्रक गोंदियाला झेरॉक्स करून आणलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यात मथळा नाही. वर स्टेशनचं नाव, खाली तुझी मापं, तुझ्या क्रमानं, आणि मग एकच मागणी, ती चौथी. वाटेला पर्याय म्हणून पुलाला उतार द्यायचा असेल तर तो किती लांब आणि किती चढाचा हवा, तेही कुबडीवरच्या माणसाला विचारून लिहिलं आहे. टोल्यात तशी तिघं आहेत. तुझ्याशिवाय मला कधी दिसली नव्हती.

बाबांनी विचारलं, "घोषणा कुठं आहे यात?"

"नाही."

"'झालाच पाहिजे' तरी?"

"तेही नाही."

त्यांनी कागद हातात घेऊन चाचपला. "शेवंतानं लिहिल्यासारखं वाटते," म्हणाले.

आज सकाळी ती पत्रकं झोळीत घालून मी स्टेशनवर गेले. पिढा भाच्याच्या बायकोनं स्वयंपाकघरात नेला होता, तो मागून घेतला. का घेतला ते नीट सांगता येणार नाही. साहेबाच्या टेबलावर ठेवायचा विचार डोक्यात असेल, जुना. पुलावरून गेले. वर मध्यावर थांबून फळ्यांची वाट जिथं होती तिथं पाहिलं, गवत वाढलं आहे. मग फलाटावर पत्रकं वाटली. लोकांनी घेतली, घडी केली, एकानं त्याच्यावर मुरमुरे घेतले.

पॅसेंजर आली. डब्यात आमगावची ती बाई दिसली नाही, तिचंही वय झालं असेल. माझ्यासमोरच्या दारात एक म्हातारी चढायला बघत होती, हातात डाळीचं गाठोडं. पाय उचलायची आणि परत खाली ठेवायची. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली.

"शेवंताबाईचा पिढा होय का हा?"

"हाव."

"मंग पाह्यत काय राहिली? ठेव नं खाली."

मी ठेवला. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला, पिढ्यावर चढली, पायरीवर, डब्यात. तिच्यामागे एक पोटुशी बाई चढली, मग कुबडी नसलेला पण लंगडणारा एक माणूस. मी पिढा उचलून बाजूला झाले आणि गाडी निघायची वाट पाहत उभी राहिले.

गाडी निघेना. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. दारातली म्हातारी मागच्या बाजूला बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मी वळून पाहिलं. शेवटच्या डब्यातून गार्ड बाहेर वाकला होता, आमच्या दाराकडे बघत. दोरी वर गेलेली त्याला दिसली नव्हती.

मी पिढा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून त्याला दाखवला. मग त्यानं हिरवी झेंडी काढली.